दुबईहून एका दिवसात वाळवंट: कोरोला, सत्तरीचे आईबाबा आणि तीन शनिवार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात पुण्याहून आईबाबा येतायत, दोघंही सत्तरीचे, बाबांना डायबेटिस. सोबत आठ वर्षांची मुलगी, गाडी कोरोला, हाताशी तीन शनिवार. शिवाय एक दिवस फोर-व्हील भाड्याने घेऊन स्वतःच वाळूत घालावी का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: घालू नका. भाड्याच्या गाडीच्या करारात डांबरी रस्ता सोडून झालेलं नुकसान सहसा विम्याबाहेर असतं, आणि इथे पोलीस रिपोर्ट नसेल तर गॅरेज गाडीला हात लावत नाही. पण त्याहून मोठं कारण म्हणजे वाळूत एकटी गाडी कधीच न्यायची नसते. रुतली तर ओढून काढायला दुसरी गाडी लागते. वाळूची हौस असेल तर परवानाधारक टूर कंपनीची गाडी आणि ड्रायव्हर घ्या. टेकाडांवर गाडी उडवणं आईबाबांसाठी नाहीच. पाठीचा, मानेचा, हृदयाचा त्रास असेल तर त्यात बसू नये, आणि जेवल्यावर लगेच तर कुणीच नाही. 'टेकाडं नकोत, सपाट सफारी हवी' असं बुकिंग करतानाच सांगा. तशी मिळते.

आता कोरोलाचं बघू. दिवस आखताना सूर्यास्तापासून उलटं मोजत या. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि अंधार झपाट्याने पडतो. म्हणून सूर्यास्त जिथून बघायचा ती जागा डांबरी रस्त्याला लागून हवी. दुपारी तीननंतर नवीन ठिकाणाकडे निघू नका. सकाळी फार लवकर निघण्यातही अर्थ नाही, कारण हिवाळ्यात शहराबाहेर पहाटे दाट धुकं असतं. आठ-साडेआठला निघा. हवामान खात्याचा अंदाज आदल्या रात्री बघा. वारा ताशी तीस किलोमीटरच्या वर असेल तर वाळू उडते, डोळे उघडवत नाहीत. तो शनिवार सोडून द्या.

पहिल्या शनिवारी अल कुद्रा. शहरातून पाऊण ते एक तास, तळी, पक्षी, नशीब असेल तर ओरिक्स, म्हणजे वाळवंटातलं लांब शिंगांचं हरीण. आईबाबांना चालायला सपाट जागा आहे. धोका एकच: तळ्यांकडे जाणारा शेवटचा कच्चा पट्टा. तो दाबून घट्ट झालेला असतो, पण गाडी वळवायला म्हणून चार फूट बाजूला घेतली की कोरोलाची पुढची चाकं बसतात, आणि सगळी ताकद त्याच चाकांना असल्यामुळे ती आणखी खणत जातात. चाक जागेवर फिरायला लागलं की त्या क्षणी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचला. सगळ्यांना उतरवा, चाकांच्या पुढची-मागची आणि गाडीच्या पोटाखालची वाळू हाताने काढा, पुढच्या टायरची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवा आणि ज्या चाकोरीतून आत आलात तिच्यातूनच हळू मागे घ्या. पुढे काढायचा मोह आवरा, पुढची वाळू कशी आहे ते माहीत नसतं. यासाठी डिकीत छोटं फावडं, प्रेशर गेज आणि १२ व्होल्टचा पंप ठेवा. हवा पुन्हा भरल्याशिवाय हायवेला लागू नका. कमी हवेत टायरची बाजू सारखी दुमडते, तापते आणि वेगात फुटते.

दुसरा शनिवार मलीहाला द्या. माझ्या मते आईबाबांना घेऊन जायला याहून चांगली जागा नाही. शारजाच्या हद्दीत, तासाभराच्या अंतरावर, दारापर्यंत डांबरी रस्ता. पुरातत्त्व केंद्राशेजारीच उम्म अन-नार काळातली, म्हणजे इथल्या कांस्ययुगातली, चार हजार वर्षांहून जुनी गोल कबर आहे. केंद्राच्या आत बसायला, टेकायला जागा, स्वच्छतागृह, सगळं आहे. जवळच्या जबल फायाला माणसाच्या वस्तीच्या एक लाख वर्षांहून जुन्या खुणा सापडल्या आणि २०२५ मध्ये हा परिसर जागतिक वारसा यादीत गेला. फॉसिल रॉक या तिथल्या खडकाळ डोंगरापर्यंत गाडीने जायचा हट्ट धरू नका, मध्ये मऊ वाळू आहे. तो लांबूनच छान दिसतो.

तिसऱ्या शनिवारी हत्ता, दुबईचाच डोंगराळ भाग. इथे नकाशा फसवतो. ई-४४ रस्ता मदामच्या पुढे ओमानच्या तुकड्यातून जातो आणि तिथल्या चौकीवर आपल्यासारख्या, म्हणजे आखाती देशांचे नागरिक नसलेल्यांना, परत पाठवतात. शारजा-कल्बा रस्त्याने, म्हणजे ई-१०२ने, मलीहावरून फिरून जा. पावसाचा अंदाज असेल तर हत्ता रद्द. वाद्या, म्हणजे एरवी कोरडी असणारी नदीची पात्रं, कोरड्या दिसत असतानाच वरून लोंढा येतो. पावसात वादीजवळ थांबलं तर १,००० दिरहम दंड आणि लायसन्सवर सहा ब्लॅक पॉइंट, म्हणजे दोषाचे गुण. वाहत्या वादीत गाडी घातली तर २,००० दिरहम, २३ पॉइंट आणि साठ दिवस गाडी जप्त.

अबू धाबीच्या दक्षिणेकडचं लिवा, म्हणजे मोठ्या टेकाडांचं वाळवंट, एका दिवसात करू नका. एका बाजूला तीनशे किलोमीटरच्या पुढे जातं आणि परतताना अंधार, थकवा, उंट असं सगळं एकदम येतं. उंटाचे पाय लांब असतात, धडक बसली की धड थेट काचेतून आत येतं. कुंपण नसलेल्या रस्त्यावर रात्री वेग निम्म्यावर आणा. अबू धाबीत २०१८ पासून वेगमर्यादेवर सूट नाही. दुबईत मर्यादेच्या वर वीस किलोमीटरपर्यंत दंड होत नाही, ती सवय तिथे दंड लावते.

सामानात माणशी तीन लिटर पाणी, फिरणं अर्ध्या दिवसाचं असलं तरी. बाबांचं इन्सुलिन कूलरमध्ये ठेवा, पण बर्फाला थेट चिकटू देऊ नका, गोठलं की निकामी होतं. खजूर किंवा ग्लुकोज त्यांच्या खिशातच हवं, डिकीत नको. दशम्या, चटणी, भाजलेले शेंगदाणे टिकतात. दह्याचं काही नेऊ नका. स्वेटर आणि शाल आठवणीने पुण्याहूनच आणायला सांगा, कारण सूर्य गेल्यावर पारा पंधराच्या आसपास उतरतो आणि 'दुबईत कसली थंडी' म्हणून सगळे पातळ कपडे आणतात. मुलगी दहाच्या आत आहे म्हणून ती मागेच बसेल. पुढची सीट ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना द्या.

टाकी शहरातच भरा, आणि पंपावर आईबाबांना विचारत बसू नका, सरळ उतरवून स्वच्छतागृहाकडे न्या. ते 'नको, नको' म्हणतात आणि वीस मिनिटांनी गाडी थांबवायला लागते.

जाण्याआधी ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या आणि कुठे जाताय, किती वाजता परत येणार हे एका शेजाऱ्याला सांगून ठेवा. पोलिसांचा नंबर ९९९, रुग्णवाहिकेचा ९९८. फोन करताना फोनवर दिसणारे अक्षांश-रेखांश वाचून दाखवा, कारण 'टेकाडाच्या मागे' म्हणून कुणी शोधू शकत नाही. आणि गाडी बंद पडली तर सावली तिचीच असते. तिला सोडून चालत निघू नका.