दशांश नक्की कुठल्या रकमेचा?

वसईच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ६३, शाळेतून निवृत्त, पेन्शन महिना ₹३४,०००, बँकेत ₹१२ लाखांची ठेव. मिस्टर २०१९ साली इच्छापत्र न करता गेले. त्यांच्या नावची वाडी दोन महिन्यांपूर्वी ₹८४ लाखांना विकली. सातबाऱ्यावर ताई, मुलगा आणि मुलगी अशी तीन नावं होती. सह्या तिघांनी केल्या, पैसे मात्र सोयीसाठी ताईंच्या खात्यात आले. घरात ८६ वर्षांच्या सासूबाई अंथरुणावर आहेत. त्यांच्यासाठी दिवसभराची बाई ठेवली आहे, महिना ₹१६,०००.

ताई लिहितात: "मिस्टरांची फार इच्छा होती की वाडी कधी विकली तर दशांश देवाला द्यायचा. आमच्या चर्चचा नवा हॉल व्हायचा आहे. मी फादरांना ₹८,४०,००० देण्याचा शब्द दिला आहे. मुलगा म्हणतो, थोडं थांब. मुलीचं म्हणणं, आई तुझी मर्जी. शेतजमीन असल्यामुळे कर लागत नाही असं शेजारच्यांनी सांगितलं आणि दानावर सूट मिळते असंही ऐकलं. मी चुकते आहे का?"

ताई, दान देण्यात तुम्ही चुकत नाही. हिशेबात चुकता आहात, आणि तोही पहिल्याच ओळीत. ते ₹८४ लाख तुमचे नाहीत.

आपल्याला हिंदू वारसा कायदा लागत नाही, १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. ख्रिस्ती माणूस इच्छापत्राविना गेला आणि मागे बायको-मुलं असली, तर विधवेला एक तृतीयांश मिळतो आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांमध्ये सारखे वाटले जातात. मुलगा-मुलगी असा भेद नाही. म्हणजे तुमचे ₹२८ लाख, मुलाचे ₹२८ लाख, मुलीचे ₹२८ लाख. खातं तुमचं आहे म्हणून पैसे तुमचे होत नाहीत.

आता कर. शेजाऱ्यांनी सांगितलं ते खेड्यातल्या शेतजमिनीबद्दल खरं आहे. तुमची वाडी वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत आहे, त्यामुळे केळी लावलेली असो की पानवेल, कर लागणार. वडिलोपार्जित जमिनीची किंमत १ एप्रिल २००१ च्या बाजारभावाने धरता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा दाखला घ्या. पत्रात तुम्ही तेव्हाची किंमत ₹६ लाखांच्या आसपास म्हटली आहे, तीच धरते. तुमच्या वाट्याला ₹२ लाख किंमत, ₹२६ लाख नफा, त्यावर साडेबारा टक्के आणि वर उपकर. झाले ₹३,३८,०००. तेवढाच कर मुलाला आणि तेवढाच मुलीला, आपापल्या विवरणपत्रात. सगळी विक्री तुमच्या एकटीच्या विवरणपत्रात दाखवलीत, तर मुलांचा कर तुमच्या डोक्यावर येईल आणि नफा ₹५० लाखांच्या वर गेल्यामुळे अधिभारही.

कर भरून तुमच्या हातात उरतात ₹२४,६२,०००. त्यातून ₹८,४०,००० दिलेत, तर तो दशांश राहत नाही, तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त होतो. मिस्टरांनी दशांश म्हटलं होतं. मुलांच्या पैशातून त्यांना न विचारता दिलेलं दान हे मुलांचं दान होतं, तुमचं नव्हे. मुलगी "तुझी मर्जी" म्हणाली, पण तिचे ₹२८ लाख तुमच्या खात्यात आहेत हे तिला माहीत आहे का? तिचं लग्न झालं आहे, तेव्हा हा प्रश्न आज ना उद्या कोणीतरी विचारणारच. तो तुम्हीच आधी विचारा.

त्यापेक्षा अवघड गोष्ट सासूबाईंची. तुम्ही सहज एक वाक्य लिहून गेलात: १९९८ साली त्यांनी मुलाच्या, म्हणजे तुमच्या मिस्टरांच्या, नावे हक्कसोड केला. सासऱ्यांच्या मागे त्या वाडीत त्यांचा तिसरा हिस्सा होता, तो त्यांनी सही करून सोडला. पुढे मुलगा त्यांच्या आधी गेला. हिंदू कायद्यात मुलाच्या संपत्तीत आई पहिल्या श्रेणीची वारस असते. आपल्या कायद्यात नातवंडं असताना आईला काहीच नाही. ज्या बाईने त्या वाडीला जन्मभर पाणी घातलं, तिला ₹८४ लाखांतला एक रुपयाही मिळालेला नाही, आणि तो मिळाला नाही म्हणून तिने तक्रारही केलेली नाही.

मार्कच्या शुभवर्तमानातला सातवा अध्याय काढून बघा. आईबापांना द्यायचं ते 'कर्बान', म्हणजे देवाला अर्पण झालं, असं सांगून हात झटकणाऱ्यांना येशूने काय सुनावलं ते तिथे आहे. दानाविषयी प्रवचन झालं की जवळची होती नव्हती ती दोन नाणी दान देणाऱ्या गरीब विधवेची गोष्ट हमखास येते, कर्बानची फारशी येत नाही. फादरांनाच विचारा. मला वाटतं तेही हेच म्हणतील. कॅथॉलिक चर्च आज विश्वासूंवर दहा टक्क्यांची सक्ती करत नाही. १९८३ च्या चर्चच्या कायद्यात चर्चच्या गरजांना हातभार लावण्याचं कर्तव्य सांगितलं आहे, टक्का सांगितलेला नाही.

तुमचा महिन्याचा हिशेब मी मांडून पाहिला. पेन्शन आणि ठेवीचं व्याज मिळून ₹४१,०००. घरखर्च ₹२२,०००, बाईचे ₹१६,०००, औषधं ₹५,०००. म्हणजे आजच दोन हजारांची तूट आहे आणि बाईचा पगार दरवर्षी वाढणार. सासूबाई पडल्या, हाड मोडलं, तर पैसा कुठून येणार? एक काम या आठवड्यातच करा. सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ₹५ लाखांचं संरक्षण. सासूबाईंचं ते काढलेलं नाही असं तुमच्या पत्रावरून दिसतं.

तर मी काय करेन ते सांगते.

मुलांचे प्रत्येकी ₹२८ लाख आधी त्यांच्या खात्यात वळते करा. त्यांनी नंतर खुशीने तुम्हाला काही परत दिलं तर आईला दिलेल्या भेटीवर कर नाही, पण ते एका कागदावर लिहून घ्या. मुलाला हॉलसाठी द्यायचं असेल तर तो त्याच्या नावाने देईल.

तुमच्या ₹२८ लाखांतले ₹१४ लाख भांडवली नफ्याच्या करमुक्ती बाँडमध्ये घाला. विक्रीपासून सहा महिन्यांची मुदत असते, तुमच्याकडे चार उरले आहेत. त्याने ₹१,८२,००० कर वाचतो, भरायचा राहतो ₹१,५६,०००. पैसे पाच वर्षं अडकतात, व्याज सव्वापाच टक्के. एरवी एवढ्या कमी व्याजात पैसे अडकवा असं मी कोणाला सांगत नाही. इथे सांगते, कारण हे व्याज म्हणजेच तुमचं दान. वर्षाला ₹७३,५०० होतात. ते दरवर्षी हॉलला द्या. आज हाताशी म्हणून ₹५०,००० द्या. पाच वर्षांत ₹४,१७,५०० होतात. दशांशापेक्षा बरेच जास्त, आणि मुद्दल पाच वर्षांनी जसंच्या तसं तुमच्याकडे परत.

उरले ₹११,९४,०००. त्यातले ₹९ लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ₹१८,४५० येतील, तूट भरून निघेल आणि वर थोडे राहतील. बाकी ₹२,९४,००० सासूबाईंच्या आजारपणासाठी, लगेच काढता येतील असे. आणि ती जुनी ₹१२ लाखांची ठेव एकाच बँकेत आहे, ती तीन बँकांत विभागा. ठेव विमा एका बँकेत ₹५ लाखांपर्यंतच असतो, मग बँक कितीही आपली असो. १९१८ साली आपल्याच माणसांनी सावकारी पाशातून सुटायला वसईत पतसंस्था काढली, तिची आज बॅसिन कॅथॉलिक बँक झाली. त्याचा मलाही अभिमान आहे. पण अभिमान म्हणजे विमा नव्हे.

करसवलतीचं म्हणाल तर ती विसरा. ८०जी नावाने ओळखली जाणारी दानावरची सूट फक्त जुन्या कररचनेत मिळते. जमिनीच्या दीर्घकालीन नफ्यातून तर ती वजाच होत नाही, म्हणजे जिथे तुम्हाला खरा कर लागतो तिथेच ती चालत नाही. पुढच्या वर्षांत तुमचं उत्पन्न नव्या रचनेत करमुक्त मर्यादेच्या खूप खाली असेल, मग सूट कशातून घेणार? शिवाय निव्वळ धार्मिक किंवा एकाच समाजासाठी असलेल्या ट्रस्टला ही मान्यता सहसा नसते. समाजकार्याच्या संस्थेची मान्यता दाखवून कोणी चर्चच्या हॉलसाठी पावती देऊ लागलं, तर घेऊ नका.

आता फादरांना दिलेला शब्द. मी आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, अर्थ समितीत सहा वर्षं होते. तिथे सगळ्यात अवघड पैसा असायचा तो तोंडी कबूल केलेला आणि हेतू न लिहिलेला. एकदा एका कुटुंबाने मोठी रक्कम दिली, कशासाठी ते कोणी लिहून घेतलं नाही. वर्षभराने तीन माणसं तीन वेगवेगळे हेतू सांगत होती, आणि देणाऱ्या आजोबांना काही आठवत नव्हतं. शेवटी त्या पैशातून गटार झालं. गटाराची गरज होतीच, पण आजोबांच्या मुलाने त्यानंतर मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येणं सोडलं.

म्हणून एक साधं पत्र लिहा. रक्कम किती, कशासाठी, किती वर्षांत, आणि हॉल झालाच नाही तर पैसे कुठे वळवायचे. मी तुमच्या जागी असते तर शेवटच्या ओळीत धर्मग्रामातल्या गरिबांना मदत करणाऱ्या विन्सेंट डी पॉल संस्थेचं नाव घातलं असतं. चर्चच्या कायद्यातलं कलम १२६७ सांगतं की विशिष्ट हेतूसाठी दिलेलं अर्पण त्याच हेतूसाठी वापरलं गेलं पाहिजे. पण हेतू कागदावर असेल तरच ते कलम कामाचं. चेक चर्चच्या ट्रस्टच्या नावाने, कोणा व्यक्तीच्या नावाने नाही. पहिला हप्ता देण्याआधी हॉलचा नकाशा मंजूर झाला आहे का, अंदाजपत्रक किती, हे अर्थ समितीला विचारा. प्रत्येक धर्मग्रामात ही समिती असलीच पाहिजे असं कलम ५३७ सांगतं, आणि दिलेल्या पैशाचा हिशेब विश्वासूंपुढे मांडण्याची जबाबदारी कलम १२८७ मध्ये आहे. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या ट्रस्टला लेखापरीक्षण करावंच लागतं, ते बघायला मागा. यात अविश्वास वगैरे काही नाही. चांगल्या फादरांना असं विचारणारं माणूस हवंच असतं. दरवर्षी हप्त्याने देण्याचा हाही एक फायदा: पुढचा चेक लिहिण्याआधी मागचा कुठे गेला ते दिसतं.

मिस्टरांसाठी मिस्सा सांगायची असेल तर ती वेगळी सांगा, हॉलच्या दानात गुंतवू नका. मिस्सेच्या दक्षिणेत व्यापाराचा नुसता भासही नको, असं चर्चचाच नियम म्हणतो.

आणि तरीही ₹८,४०,००० चा आकडा मनातून जात नसेल, तर उरलेलं इच्छापत्रात लिहा. पूर्वी ख्रिस्ती माणसाला धर्मादायासाठी इच्छापत्राने काही ठेवायचं तर अडचण होती: जवळचे नातेवाईक असतील तर इच्छापत्र मृत्यूच्या किमान बारा महिने आधी केलेलं लागायचं, सहा महिन्यांत जमाही करावं लागायचं. २००३ साली जॉन वल्लमट्टम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम ११८ रद्द केलं. आता बाँडच्या ₹१४ लाखांतले चार लाख तुमच्या मागे चर्चला द्यावेत असं तुम्ही आजही लिहू शकता, आणि गरज पडली तर उद्या बदलूही शकता. दिलेला चेक बदलता येत नाही. साक्षीदार दोन लागतात. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नका, त्यांना दिलेलं तेवढं रद्द होतं. फादरांचीही सही नको, उगाच बोलायला जागा राहते.

फादरांकडे जाल तेव्हा मुलाला बरोबर न्या. सांगा, की ₹८४ लाखांतले छप्पन्न मुलांचे आहेत हे मला माहीत नव्हतं, माझ्या वाट्यातून मी इतकं आणि असं देणार आहे. पहिला चेक आणि ते पत्र सोबत असू द्या. त्याआधी घरी सासूबाईंच्या खाटेजवळ बसून वाडीचं काय झालं ते त्यांना सांगा. विकली हे त्यांना अजून सांगितलेलं नाही, असं तुम्ही पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलं आहे.