ओला कचरा: वजनकाटा, टाकी आणि वाळलेली पानं

प्रश्न : इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत ६४ सदनिका आहेत. आठवडाभर ओला कचरा मोजला, तर रोजचा ६२ किलो भरला. मर्यादा १०० किलोची आहे ना? मग आम्ही सुटलो का?

नाही. १०० किलो म्हणजे सगळा कचरा मिळून, ओला, सुका, सॅनिटरी सगळाच. ६२ किलो ओला असेल, तर सुक्यासकट आकडा शंभराच्या काठावर किंवा पलीकडे असणार. सुकाही सात दिवस तोला, वहीत लिहून ठेवा.

शिवाय १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत तीन निकष आहेत: २०,००० चौरस मीटर बांधकाम, रोज ४०,००० लिटर पाणी किंवा रोज १०० किलो कचरा. यातला एकही लागू झाला, की तुम्ही मोठे कचरा निर्माते. माणशी १३५ लिटर धरलं, तर तुमच्याकडच्या अडीचशे माणसांचं पाणी ३४ हजारांच्या आसपास जातं. म्हणजे पाण्यात सुटाल, वजनात बहुधा अडकाल. अशा सोसायटीने ओला कचरा शक्य तेवढा आवारातच जिरवायचा असतो. घंटागाडीसाठी ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (रंगाचे डबे, बल्ब, औषधं) असे चार भाग वेगळे ठेवायचे. कायदा कितीही कडक असला, तरी तो घरातल्या बादलीपाशीच पाळला जातो. तिथे एकदा मिसळलं, की पुढे कुणालाच निवडता येत नाही.

प्रश्न : आमच्या ३० घरांचा रोजचा २५ किलो ओला कचरा आहे. त्याचं खत करायला ४×४×३ फुटांच्या विटांच्या दोन टाक्या बांधल्या. पावसाळा लागला आणि वास, अळ्या, काळं पाणी सुरू झालं. रहिवासी टाक्या बंद करा म्हणतात. (गंगापूर रोड)

बंद करू नका, पानं वाढवा. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात पाणी तीन-चतुर्थांश असतं आणि कर्बाच्या मानाने नत्र जास्त. नुसता तोच टाकला, की तो बसतो, हवा कोंडते आणि सडायला लागतो. वास त्याचाच. २५ किलोला साधारण ५ किलो चुरडलेली वाळकी पानं लागतात, म्हणजे आकाराने जवळपास निम्म्याला निम्मी.

आता दुरुस्ती. सगळा माल फावड्याने बाहेर काढा. भात-पोळीचे गोळे फोडा, पानं मिसळा आणि परत भरा. मूठभर घेऊन दाबा: बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर आणखी पानं. तळाला सिमेंटची फरशी असेल, तर भोक पाडून खाली वीतभर खडी घाला. वर पत्रा हवाच, पण बाजूच्या विटांतल्या फटी बुजवू नका. रोजच्या थरावर पानांचं पांघरूण घाला आणि आठवड्यातून एकदा हलवा.

एक लोखंडी गज मध्यभागी खोचून ठेवा. दहा मिनिटांनी बाहेर काढल्यावर हाताला धरवत नसेल, तर आत ५५ अंशांच्या आसपास उष्णता आहे आणि काम चालू आहे. गज कोमट निघाला, तर आत हवा नाही किंवा ओल जास्त. अळ्यांचं म्हणाल, तर चपट्या, करड्या-तपकिरी, जाडसर अळ्या काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या कचरा खाऊन संपवतात, माणसाला काही करत नाहीत. बारीक पांढऱ्या अळ्या मात्र घरमाशीच्या, म्हणजे कचरा उघडा राहिलाय.

दोन टाक्या पुरणार नाहीत. तुमची एक टाकी साधारण महिन्यात भरते आणि भरल्यावर तिला दीड महिना तरी राहू द्यावं लागतं. तिसरी बांधा. पानांचा साठा फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच करा. पावसाळ्याच्या चार महिन्यांना सहाशे किलो, म्हणजे ऐंशी-शंभर पोती लागतील. नाशिकभर तीच पानं त्या महिन्यांत जाळली जातात, हे पाहून फार वाईट वाटतं. सुताराचा भुसा चालेल, प्लायवूडचा नको. त्यात डिंकाची रसायनं असतात.

प्रश्न : मुलगी कॅलिफोर्नियात आहे. तिथे उरलेलं अन्नही कचऱ्यात टाकायला बंदी आहे म्हणते. एवढं कडक कशाला?

ओला कचरा डेपोत गाडला, की हवेविना कुजतो आणि मिथेन सुटतो. वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट तापवतो. म्हणून कॅलिफोर्नियाने २०१६ साली कायदा केला: भरावात (कचरा गाडण्याच्या जागेत) जाणारा जैविक कचरा २०१४ च्या तुलनेत २०२५ पर्यंत ७५ टक्क्यांनी कमी करायचा आणि टाकल्या जाणाऱ्या खाण्याजोग्या अन्नातलं २० टक्के माणसांपर्यंत पोहोचवायचं. व्हरमाँट राज्यात तर १ जुलै २०२० पासून घरच्या खरकट्यालाही भरावात जागा नाही.

आपल्याकडे नाशिकमध्ये विल्होळीला हॉटेलांतला ओला कचरा आणि शौचालयांचा मैला एकत्र कुजवून गॅस करणारा प्रकल्प २०१७ साली उभा राहिला. असा प्रकल्प चालायला कचरा निवडलेलाच लागतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातला अन्नाचा भाग मात्र आपल्या मंगल कार्यालयांनी आजच उचलावा. २५० किंवा त्याहून अधिक आसनांच्या उपाहारगृहांना तिथे २०२४ पासून उरलेलं चांगलं अन्न देणं बंधनकारक आहे. वाढपाच्या भांड्यात उरलेला भात-वरण ६० अंशांवर गरम ठेवा आणि दोन तासांत वाटून टाका. पानातलं उष्टं टाकीत.

प्रश्न : निर्माल्य टाकीत चालेल? (पंचवटी)

चालेल. दोरा, जरीची पट्टी, प्लास्टिकची पिशवी आधी काढा. फुलांचे हार कापून टाका, नाहीतर हलवताना फावड्याला गुंततात. नारळाची शेंडी चालते. करवंटी नको, ती वर्षभर तशीच राहते.