कॅफेत हळू आवाजात गाणी लावायला पण लायसन्स लागतं का?

तुम्ही विचारलंय की नाशिकला कॉलेज रोडला छोटा कॅफे आहे, स्पॉटिफायचं प्रीमियम घेतलंय मग अजून लायसन्स कशाला. तर हो, लागतं. माझं इंदिरानगरला सलून आहे म्हणून हा विषय मला नीट बघावा लागला. प्रीमियमचे पैसे तुमच्या स्वतःच्या ऐकण्यासाठी असतात, त्यांच्या अटींमध्येच लिहिलंय की धंद्यासाठी वापरायचं नाही. गिऱ्हाइकांसाठी लावलं की 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ते जाहीर वाजवणं झालं, मग आवाज कितीही हळू असू दे.

खरा गोंधळ पुढे आहे. गाण्याचे शब्द आणि चाल यांचं लायसन्स आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था देते आणि रेकॉर्डिंगचं वेगळं, ते पीपीएल किंवा आरएमपीएल अशा रेकॉर्डिंगचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थांकडून, ज्या कंपनीची गाणी ज्याच्याकडे असतील त्याप्रमाणे. म्हणजे एक घेतलं की झालं असं नाही. सकाळी आपण सगळेच सुखकर्ता दुःखहर्ता लावतो ना, शब्द रामदास स्वामींचे, त्यावर आज कोणाचाच हक्क नाही, पण तुम्ही लावता ते रेकॉर्डिंग कंपनीचं असतं आणि ते बाजारात आल्यापासून 60 वर्षं हक्क तिचाच राहतो.

पीपीएल ही नोंदणीकृत कॉपीराइट सोसायटी, म्हणजे लायसन्स द्यायला सरकारकडे नोंदलेली संस्था नाही, म्हणून तिला पैसे द्यायचेच नाहीत असं बरेच दुकानदार सांगतात. त्या भरवशावर राहू नका. आपलं नाशिक मुंबई हायकोर्टाखाली येतं आणि त्या कोर्टाने जानेवारी 2024 मध्ये सांगितलंय की गाण्यांचे हक्क स्वतःकडे असतील तर पीपीएल थेट लायसन्स देऊ शकते. शिवाय कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 मध्ये विनापरवाना वापराला 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड आहे, छोट्या दुकानदाराने ही जोखीम घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

पण कोणी दुकानात येऊन आत्ताच रोख द्या म्हणाला तर देऊ नका. कोणाकडून आलात, कोणत्या कंपन्यांची गाणी तुमच्याकडे आहेत, माझ्या जागेला दर किती, सगळं लेखी मागा, संस्थेच्या साइटवरच्या दरांशी ताडून बघा आणि पैसे संस्थेच्या खात्यातच भरा.

एवढा खर्च झेपत नसेल तर स्वतःची गाणी करणारी पोरं आहेत आपल्याकडे, त्यांच्याकडून रेकॉर्डिंग घ्या, फक्त शब्द, चाल, रेकॉर्डिंग तिन्हीची परवानगी कागदावर सहीसकट घ्या आणि तो कागद गल्ल्यापाशीच ठेवा.