वर्गातल्या मुलाला लाल-हिरवा फरक कळत नाही, शिक्षकाने काय करावं?

सहावीतला मुलगा नकाशातलं जंगल तपकिरी रंगवतो आणि पोरं त्याला हसतात, असं तुम्ही लिहिलंय. मी विज्ञान-भूगोल शिकवतो, अशी मुलं मलाही भेटलीत. आधी एक बंद करा: "सांग बरं, हा कोणता रंग?" पोरं तर विचारतातच, स्टाफरूममधली मंडळीही गंमत म्हणून विचारतात. त्या बिचाऱ्याची रोज तोंडी परीक्षा!

हिरव्या फळ्यावर लाल खडूने ओढलेली रेघ त्याला जेमतेम दिसते. पांढरा-पिवळा खडू वापरा, महत्त्वाच्या शब्दाला चौकट करा. लाल पेनची दुरुस्तीही काहींना काळ्या शाईसारखीच दिसते, म्हणून चुकीला गोल करा. रंगपेटीतल्या कांड्यांवर घरून नावं लिहून आणायला सांगा.

खरी डोकेदुखी नकाशाची. सूचीतले हिरवा, तपकिरी, केशरी हे चौकोन त्याला एकाच कुटुंबातले वाटतात. मी नकाशाची झेरॉक्स काढून एका प्रदेशात तिरप्या रेघा, दुसऱ्यात ठिपके भरतो, किंवा सरळ नावच प्रदेशावर लिहितो. गंमत म्हणजे बाकीच्या मुलांनाही तोच नकाशा सोपा जातो. तुमचा तक्ता चालेल का हे बघायला मोबाइलवर फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा. तरीही वाचता आला तर चिंता नाही.

वरच्या वर्गात प्रयोगशाळा आडवी येते. अनुमापनात, म्हणजे आम्लात थेंब-थेंब आम्लारी सोडून त्याचं प्रमाण मोजताना, फिनॉल्फ्थॅलिन या दर्शक द्रव्याचा फिकट गुलाबी रंग या मुलांच्या नजरेतून सहज निसटतो. रंग जोडीदाराने सांगावा, ब्युरेटचं (थेंब सोडायच्या मापनळीचं) वाचन आणि गणित या मुलाने करावं. गुण या वाचन-गणिताचे द्यावेत.

पालकांना सांगा, मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या; इशिहारा चाचणी (रंगीत ठिपक्यांतला आकडा ओळखायची) काही मिनिटांत होते. हा रंगांधत्वाचा दोष बहुतेक वेळा आईकडून आलेल्या एक्स गुणसूत्रातून येतो, त्यामुळे एखाद्या मामालाही असू शकतो. जन्मजात दोष चष्म्याने बरा होत नाही. रंगीत काचांच्या महागड्या चष्म्याने काहींना थोडा फरक जाणवतो, इतकंच.

रेल्वेत लोको पायलट व्हायला रंगदृष्टीची अट असते, हे भरतीच्या मेडिकलमध्ये कळण्यापेक्षा नववीतच कळलेलं बरं. पण सगळी दारं बंद नसतात. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेत चित्रपट संकलनाला (एडिटिंगला) अशा मुलांना प्रवेश नव्हता. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथले सगळे अभ्यासक्रम त्यांना खुले करायला सांगितले.