रोज थोडी वाईन घेतल्याने हृदयविकार टळतो का?

तुमच्या वडिलांचे वय 58 आहे, त्यांनी आजवर मद्याला स्पर्श केलेला नाही, कोलेस्टेरॉल वाढल्यावर मित्रांनी त्यांना रोज ग्लासभर रेड वाईन सुचवली, आणि ती सुरू करावी का, केल्यास किती घ्यावी, असे तुम्ही विचारले आहे. सुरू करू नये, हे माझे उत्तर आहे.

2009 च्या भाऊबीजेला मामा आमच्याकडे आले होते. माझ्या वडिलांच्या अँजिओप्लास्टीला जेमतेम तीन महिने झाले होते. जेवणे आटोपल्यावर मामा सर्वांसमोर म्हणाले, "दाजींनी पंधरा वर्षांपूर्वी सोडली, तरी झटका त्यांनाच आला. मी रोज दोन पेग घेतो आणि माझा ईसीजी स्वच्छ आहे." वडील मान खाली घालून बसून राहिले. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो, तरी त्या वेळी मला उत्तर सुचले नाही, याची खंत अजून जात नाही. रात्री भांडी आवरताना आई सहज म्हणाली की, वडिलांनी दारू सोडली ती रक्तदाब फार वाढला आणि डॉक्टरांनी दम भरला म्हणून. ते आधीच आजारी होते आणि त्या आजारामुळेच न पिणाऱ्यांच्या रांगेत येऊन बसले होते.

नेमकी हीच गफलत ब्रिटनमधील 24 गावांतल्या 7,735 मध्यमवयीन पुरुषांच्या पाहणीच्या आधारे शेपर आणि सहकाऱ्यांनी 1988 साली 'लॅन्सेट'मध्ये मांडली होती. प्रकृती बिघडल्यामुळे दारू सोडलेले लोक 'न पिणारे' म्हणून मोजले की तो गट आपोआप रोगट दिसतो आणि शेजारचा बेताने पिणारा गट निरोगी भासतो. मामांनी आमच्या घरातील दोन माणसांवर तीच चूक केली होती.

याहून भक्कम पुरावा 2019 मध्ये चीनमधून आला. तेथे अनेकांमध्ये असे जनुकीय बदल असतात की दारू घेतली की चेहरा लाल होतो, मळमळते, आणि म्हणून ती माणसे जन्मभर कमी पितात. असे जनुक वाटणीला येणे हे प्रकृती किंवा उत्पन्न यांवर ठरत नसल्यामुळे निसर्गानेच चिठ्ठ्या टाकून गट पाडल्यासारखे होते. पाच लाखांहून अधिक लोकांच्या त्या अभ्यासात, लोकांनी स्वतः सांगितलेल्या प्रमाणावरून पाहिले तेव्हा बेताने पिणारे सर्वांत सुरक्षित दिसले. जनुकांवरून पाहिले तेव्हा तो लाभ नाहीसा झाला आणि पक्षाघाताचा धोका दारूच्या प्रमाणाबरोबर वाढत गेलेला आढळला. त्याच जनुकांच्या, पण क्वचितच पिणाऱ्या स्त्रियांमध्ये तसा फरक दिसला नाही, त्यामुळे कारण दारूच होते याला बळकटी येते.

'बेताने' या शब्दाचाही हिशेब करावा. आपल्याकडील व्हिस्कीच्या बाटलीवर 42.8 टक्के असे छापलेले असते. त्या हिशेबाने 30 मिलीच्या छोट्या पेगमध्ये सुमारे 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. 2018 मध्ये सुमारे सहा लाख पिणाऱ्यांच्या एकत्रित विश्लेषणात मृत्यूचा सर्वांत कमी धोका आठवड्याला 100 ग्रॅमपर्यंतच दिसला. मामांचे पेग 60 मिलीचे, म्हणजे आठवड्याला 280 ग्रॅम. दारू पिण्याच्या परवान्यावर 'आरोग्यासाठी' असे लिहिलेले असते, हेही ते पुरावा म्हणून सांगत. तो शब्द दारूबंदीच्या कायद्यातून आला आहे, कोणत्याही वैद्यकीय निष्कर्षातून नव्हे.

काही गोष्टी माझ्या बाजूच्या नाहीत, त्याही सांगतो. चीनच्या अभ्यासात हृदयविकाराच्या झटक्याबाबत पक्षाघाताइतके स्पष्ट चित्र मिळाले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या डिसेंबर 2024 च्या अहवालाने बेताने पिणाऱ्यांमध्ये एकूण मृत्यू कमी असल्याचे मध्यम खात्रीने नोंदवले, मात्र स्तनाच्या कर्करोगाचा धोका अधिक असल्याचेही म्हटले. चिठ्ठ्या टाकून माणसांचे गट पाडणारी मोठी चाचणी अमेरिकेत सुरू झाली होती. मद्य कंपन्यांकडून पैसा मिळवण्याच्या पद्धतीवरून ती 2018 मध्ये बंद करावी लागली. त्यामुळे शेवटचा शब्द कोणाकडेच नाही, पण ज्याने कधी घेतली नाही त्याने औषध म्हणून सुरू करावी इतका पुरावा नक्कीच नाही.

वडिलांना कोलेस्टेरॉलसाठी डॉक्टरांकडे न्या, आणि ते मित्र पुन्हा भेटले तर त्यांच्या ओळखीतल्या न पिणाऱ्यांपैकी किती जणांनी आजारपणामुळे सोडली होती, एवढे त्यांना जरूर विचारा. मी मामांना हे विचारले तेव्हा माझे वडील हयात नव्हते.