शुगरची गोळी आणि किडनीची धास्ती

"मॅडम, या गोळ्यांनी किडनी जाते म्हणतात. मग घ्यायच्या कशाला?"

आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. एसटीतून निवृत्त झालेल्या एका काकांनी तो विचारला, तेव्हा त्यांनी मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी परस्पर बंदही करून टाकली होती. शेजाऱ्यांना डायलिसिस लागलं आणि तेही वर्षानुवर्षं हीच गोळी घेत होते, एवढा पुरावा त्यांना पुरला. त्या वर्षांत शेजाऱ्यांची शुगर किती होती, बीपी किती होतं, ते कोण विचारतो?

मेटफॉर्मिन किडनी खराब करत नाही. ती लघवीवाटे बाहेर पडते, म्हणून किडनी मंदावली की अंगात साचू शकते. ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा आकडा, ४५ च्या खाली गेला की डॉक्टर बहुधा डोस कमी करतात, ३० च्या खाली गेला की ती बंद करतात. लोकांना दिसतं ते एवढंच, की किडनी बिघडली आणि गोळी बंद झाली. झालं, दोष गोळीच्या माथी!

काकांचं रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी मंदावली की हे वाढतं) १.१ होतं, ईजीएफआर ७८. "मग सगळं ठीकच की!" पण लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे किडनीतून गळणारं प्रथिन, कधी तपासलंच नव्हतं. टाइप टू डायबेटिसमध्ये ही तपासणी निदान झाल्यापासून दरवर्षी व्हायला हवी. लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचा रेशो ३० च्या आत हवा, त्यांचा ९० आला. एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा केला. तोही वाढलेलाच. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ९.४; तोही जास्तच.

तेवढ्यात काकूंनी औषधांची पिशवी टेबलावर उपडी केली. त्यातून डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळीची अर्धी संपलेली पट्टी निघाली.

"ही गुडघ्याची. मेडिकलवरून आणतो, रोज एक."

किडनीला खरा त्रास देणारी गोळी ती हीच, आणि तिची भीती मात्र घरात कुणालाच नव्हती.

डॉक्टरांनी ती थांबवली, मेटफॉर्मिन पुन्हा सुरू केली, जोडीला डापाग्लिफ्लोझिन दिली. ही शुगरचीच गोळी, पण किडनीही जपते. सुरुवातीला क्रिएटिनिन किंचित वाढू शकतं, हे मी आधीच बजावून ठेवलं; नाहीतर पुढचा रिपोर्ट हातात पडताच स्वारीने सगळं पुन्हा बंद केलं असतं. उलट्या-जुलाब लागले, खाणंपिणं सुटलं, तर या दोन्ही गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवाव्या लागतात, तेव्हा लगेच डॉक्टरांना फोन करायचा, हे काकूंनी कॅलेंडरवरच लिहून घेतलं.

गोळ्यांचं काकांना पटलं. गुडघ्याच्या व्यायामावर मात्र अजून विश्वास नाही. काकू मागे लागून करून घेतात.