नाथान परत गेला

प्रिय बंधू,

मंडळीत देवाच्या नावाने संदेश देण्याच्या सेवेत तुम्ही नवीन आहात, म्हणून आधी बायबलमधील २ शमुवेल ७ सावकाश वाचा. मंदिर बांधण्याचा विचार दावीद राजाने बोलून दाखवताच नाथान संदेष्ट्याने तत्काळ होकार दिला. पण त्याच रात्री परमेश्वराचे वचन त्याला प्राप्त झाले आणि स्वतःचाच शब्द मागे घेण्यासाठी तो पुन्हा राजापुढे उभा राहिला. मला हे फार मोलाचे वाटते.

म्हणून संदेश देताना ‘प्रभू म्हणतो’ असे म्हणण्याऐवजी ‘मला असे वाटते, तुम्ही प्रार्थनेत पारखून पाहा’ एवढे म्हणा. संदेष्ट्यांपैकी दोघातिघांनी बोलावे व इतरांनी निर्णय करावा, असे प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिले आहे. तेव्हा मंडळीच्या वडीलजनांनी तुमचा संदेश तपासला तर मनाला लावून घेऊ नका.

एका आजारी मुलाच्या आईला मी ‘तो महिन्याभरात बरा होईल’ असे सांगितले होते. तो बरा झाला नाही. पदराचे टोक बोटाला गुंडाळत ती मागच्या बाकावर बसायची, आणि तिच्याजवळ जाऊन ‘ते शब्द माझे होते, देवाचे नव्हते’ असे कबूल करायला मला सहा महिने लागले. तुम्ही एवढा उशीर करू नका. आजार आणि लग्न यांविषयी तर पाळकांना विचारल्याशिवाय काहीच बोलू नका.